बाबाले सांग

प्राजक्ता भिंतीपलीकडे उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, एवढंच मला आधी दिसलं. मी कढीपत्त्याला पाणी घालून राहिलो होतो. नळी खाली टाकली, जवळ गेलो, तेव्हा शब्द हाती लागायला लागले. खांद्यावर तिचं बाळ, चार महिन्यांचं, मान टाकून झोपलेलं. "काका, राग नका मानू," ती म्हणाली, "पण तुमचा बोंड्या रोज दुपारी लय भुंकते. बाळ दचकून उठते, मग संध्याकाळपर्यंत रडते. मी म्हटलं, सांगू का नको." मी बोंड्याकडे पाहिलं. तो पायरीवर पसरला होता. पांढरा, कडेकडेनं तपकिरी, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा. म्हणूनच तर हे नाव. "दुपारी?" मी म्हणालो. "दुपारी मी घरीच असतो बाई. एक आवाज नाही ऐकला मी." तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग हळूच म्हणाली, "अडीच वाजले का सुरू होते, सव्वातीनपर्यंत. रविवारी नाही." रविवारी नाही! मला हसूच आलं. कुत्र्याला काय शाळेसारखी सुट्टी असते? ती बिचारी कानकोंडी होऊन घरात गेली, आणि मी पुन्हा नळी उचलली. पाणी सगळं चपलेत गेलं होतं.

राग आला होता मला, खोटं कशाला बोलू. आणि राग कुत्र्यावरून नव्हता, कानावरून होता. पांढुर्ण्यात अजूनही दहा माणसं सापडतील, जी सांगतील की यशवंतरावचा कान म्हणजे काय होता. चौतीस वर्षं मी जिनिंगमध्ये फिटर होतो. दिवाळीपासून कापूस यायला लागला की चोवीस रोलर एकदम धडधडायचे, रुई हवेत उडायची, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. सगळं हातानं चालायचं. मूठ फिरवली की चालू, पंजा उघडून खाली दाबला की थांबव. त्या एवढ्या गदारोळात मी रांगेतून चालत जायचो आणि एका मशीनपाशी थांबून म्हणायचो, याची बेअरिंग चालली. उघडून पाहिलं की गेलेलीच असायची. शेठ बाहेरच्या पाहुण्यांना दाखवायचे मला, याचा कान पाहा म्हणून. आणि ही कालची पोर मला सांगते की माझ्या घरातला कुत्रा पाऊण तास भुंकतो आणि मला पत्ता नाही. वा रे वा. मी आत आलो आणि टीव्ही लावला. टीव्हीचं ती काही बोलली नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. भिंतीला भिंत लागून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई, प्रणाली, डबे भरून राहिली होती. ती आणि अभिजीत दोघंही सौंसरला शाळेत आहेत, सकाळच्या बसनं जातात ते दिवे लागायला येतात. ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, "बाबा, मग शनिवारी गौतमभाऊ येऊन राहिले. बोंड्याचं पांघरूण देऊन टाकू ना संगं?" गौतम म्हणजे माझा भाचा, मोहगावला त्याची संत्र्याची बाग आहे. मी म्हटलं, संगं म्हणजे? कुठं? तिचा हात डब्यावरच राहिला. "अवो बाबा, काल जेवताना ठरलं ना? प्राजक्ताच्या घरचे यांना भेटले होते. हे म्हणाले, बागेत मोकळा राहील, माकडं हाकलंल. तुम्हाले विचारलं, तुम्ही हो म्हटलं." मी हो म्हटलं? मला आठवलं ते इतकंच, की पंखा फिरत होता, अभिजीत ताटात बघून काहीतरी बोलून राहिला होता, बोलता बोलता त्यानं मान वर केली आणि मी मान हलवली. मान हलवायची मला सवयच झाली आहे. लोक बोलतात, मी हलवतो, लोक खूश होतात. लग्नात, मयतीत, बँकेत, सगळीकडे चालून जातं. आणि अशी मान हलवून मी माझा कुत्रा देऊन टाकला होता. प्रणालीला मी म्हणालो, "हो हो, आठवलं." ती गेल्यावर मी ओट्याला धरून उभा राहिलो.

शनिवारला चार दिवस होते. मनाशी म्हटलं, यशवंतराव, मशीन बिघडलं तर आधी काय करता तुम्ही? शिव्या देता? नाही. कधी थांबलं, किती वेळ थांबलं, ते लिहून काढता. मी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं, पेन्सिल घेतली, आणि त्या दुपारी पहिल्यांदा कूलर बंद केला, माझ्या मागच्या खोलीतून खुर्ची उचलून समोर आणून बसलो. घामानं बनियन भिजून गेलं. बोंड्या दारात, तोंड फाटकाकडे. एक वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी कुरियरवाला आला आणि बोंड्यानं मान वर केली. त्याचा गळा हलला, बरगड्या आत ओढल्या गेल्या, जबडा उघडला, मिटला, उघडला. आणि माझ्यापर्यंत आलं ते, शेजारच्या घरात कोणी गादी झटकावी तसं काहीतरी. भफ्. भफ्. पाच हातांवर होता तो माझ्यापासून! मी उठलो नाही. मी त्याच्या तोंडाकडेच बघत राहिलो. लहानपणी तिगावला नदीत बुडी मारून डोळे उघडायचो आणि वर काठावरची पोरं हातवारे करताना दिसायची, ओरडत असायची पण आवाज यायचा नाही, त्याची आठवण झाली. कुरियरवाला कंटाळून पाकीट फाटकात खोचून निघून गेला. बोंड्या वळला. वळून मागच्या खोलीपर्यंत गेला, उंबऱ्याशी उभा राहून रिकाम्या पलंगाकडे तोंड करून भुंकला, मग मी तिथं नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि परत येऊन माझ्यासमोर. मी ओरडलो, "चूप! चूप बस!" तो जास्तच चेकाळला. दोघं मिळून ओरडतो आहोत असंच वाटलं असावं त्याला. मी गप्प झालो. मला भीती वाटत होती, हे लिहायला आता हरकत नाही. कुत्र्याची नाही.

तीन दिवस मी लिहून काढलं. फाटक वाजलं, भुंकला. नळाला पाणी आलं आणि बादली भरून वाहायला लागली, भुंकला. बाहेर कोणी आवाज दिला, भुंकला. आणि दर वेळी तीच फेरी, आधी मागच्या खोलीचा उंबरा, मग मी असेन तिथं. आत पाय टाकायचा नाही हा नियम माझाच. पिल्लू असताना माझ्या पलंगावर घाण केली होती त्यानं, तेव्हा मी फटका दिला होता. तेव्हापासून पाच वर्षं तो उंबऱ्याशी थांबतो. ओरडणं मी सोडून दिलं. तो भुंकला की उठायचं, तो नेतो तिथं जायचं. गेलं की तो लगेच गप्प, शेपूट हलवत बाजूला. इतकं सोपं! फाटकाचं कळलं, नळाचं कळलं. पण पानावर आणखी एक रांग तयार झाली होती, आणि तिच्यापुढं कारणाच्या जागी काहीच नव्हतं. अडीच. दोन चाळीस. दोन पन्नास. तीन. तीन दहा. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच, गुरुवारीही मिनिटाचा फरक नाही. फाटकाशी कोणी नाही, नळ कोरडा, रस्त्यावर चिटपाखरू नाही, तो उठून मागे मधल्या खोलीकडे पळतो आणि तिथून भुंकत येतो. मी त्याच्यामागे जायचो, मधल्या खोलीत उभा राहायचो, काहीच नसायचं. लोखंडी कपाट, धान्याची कोठी, भिंतीवर हिचा हार घातलेला फोटो. मग तो थोडा वेळ गप्प, आणि दहा मिनिटांनी पुन्हा. मी त्या आकड्यांकडे पाहत राहिलो. जनावर असं घड्याळ लावून काही करत नाही. हे मशीनचं काम होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी पायरीवर बसलो होतो आणि प्रणालीनं चहा आणला. तिनं मागून आवाज दिला असावा, मला कळलं नाही, मग तिनं खांद्यावर हात ठेवला. मी एवढा दचकलो की चहा सांडला. आणि दचकलो तो नुसत्या हातामुळे नाही. असा हात माझ्या खांद्यावर दोन वर्षं पडला नव्हता. विजयमाला, माझी बायको, बोलायच्या आधी नेहमी हात लावायची. आधी हात, मग समोर येऊन उभी राहायची, मग बोलायची. वर्षानुवर्षं. मी चिडायचो. "घडी घडी काय हात लावते, बाई? पोरं बघतात." ती हसायची, म्हणायची, "लावला तं काय झिजले का तुम्ही?" बँकेत गेलो की साहेबानं विचारलेलं ती माझ्याकडे वळून पुन्हा म्हणायची, "हे विचारून राहिले का पासबुक कुठं आहे," जसं काही मी मराठी विसरलो. मी म्हणायचो, हिला मधे मधे बोलायची खोडच आहे. टीव्ही लावला की ती कोपऱ्यात बसून मटार सोलायची आणि कधी म्हणाली नाही, आवाज कमी करा. आणि कणकेत हात असले, फाटक वाजलं, की स्वयंपाकघरातून हाक यायची, मला नाही, कुत्र्याला. "बोंड्या, बाबाले सांग!" पिल्लू होता तो तेव्हा. पळत यायचा, उंबऱ्याशी उभा राहून भुंकायचा, मी उठलो की तिच्याकडे जाऊन भाकरीचा तुकडा घ्यायचा. फाटक वाजलं, बाबाले सांग. फोन वाजला, बाबाले सांग. मला तो खेळ वाटायचा. मी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो, आमच्या घरी चपराशी ठेवलाय म्हणून. प्रणाली फडकं आणून चहा पुसत होती आणि मी पायरीवर बसून होतो, आणि एकेक करून सगळं जागेवर बसत गेलं. तिला माहीत होतं. किती वर्षांपासून, कोण जाणे. ज्या माणसाचा कान गावात नावाजलेला, त्याला त्याचा कान गेला हे तिला सांगवलं नाही, तर तिनं घरातले सगळे आवाज गोळा करून माझ्यापर्यंत आणून द्यायचं काम लावून घेतलं, आणि स्वतःच्यानं होईना तिथं कुत्र्याला शिकवून ठेवलं. आणि मी तिला म्हणालो, घडी घडी काय हात लावते. अगं, लावायचा होता अजून. हजार वेळा लावायचा होता.

शुक्रवारी दोन पंचवीसला मी मधल्या खोलीत खाली फरशीवर जाऊन बसलो, बोंड्याशेजारी. मांडीला त्याची गरम कूस लागत होती. हात त्याच्या बरगड्यांवर ठेवला, उगाच. अडीचला त्याचे कान उभे झाले, आणि तो भुंकला, आणि माझ्या तळहाताला तो सगळाच्या सगळा कळला. पहिला धक्का, मग आतली घरघर, मग श्वास, मग पुन्हा धक्का. आणि तिथं मला जिनिंगच्या रांगेत चालणारा मी दिसलो. हात! मी चालता चालता प्रत्येक मशीनच्या चौकटीवर हात ठेवायचो. लोक म्हणायचे कान, मीही म्हणत गेलो कान, पण त्या धडधडीत कोणत्या कानाला काय कळणार होतं? ते सगळं हाताचंच होतं. मी उठलो. बोंड्याचं तोंड कपाटाकडे होतं. मी कपाटाच्या लोखंडी दारावर तळहात टेकवला, आणि दार थरथरत होतं. बारीक, सारखं, थांबून थांबून. दार उघडलं. वरच्या फळीवर, तिच्या साड्यांशेजारी, तिचा मोबाइल पडला होता, दाराच्या फटीतून बाहेर वायर. तो मीच तिथं ठेवलेला. रोज सकाळी मीच चार्जिंगला लावतो. तो मला उघडता येत नाही, तिच्या बोटानं उघडायचा, आत सगळे फोटो आहेत म्हणतात. तरी बंद पडू द्यायचा नाही, एवढा एक नेम मी दोन वर्षं केला. तो फळीवर नाचत होता, उजेड पडला होता, आणि उजेडात तिनं स्वतः लिहिलेली अक्षरं होती. यांची गोळी. जेवले का विचारणे. खाली बारीक अक्षरात, सोम ते शनि. रविवारी आम्ही सगळे संगं जेवायचो, तेव्हा गोळी ती ताटाशीच आणून ठेवायची, आठवणीची गरज नसायची. मिनिटभर नाचून तो थांबला. दहा मिनिटांनी पुन्हा लागला. मी पाचही वेळा तिथंच उभा होतो, हात फळीवर ठेवून. बोंड्या आज दर वेळी एकदाच भुंकला, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली बसला.

शनिवारी अभिजीत अर्धी रजा टाकून आला. गौतम दोनच्या सुमारास पिकअप घेऊन आला, हातात नवी कोरी दोरी, आल्या आल्या पाया पडला आणि म्हणाला, "मामाजी, तुमी काई काळजी नोका करू, घरच्यासारखा ठेवतो त्याले." प्राजक्ताही भिंतीशी आली होती, डोळे सुजलेले, म्हणाली काका, मला असं नव्हतं पाहिजे, मी फक्त सांगत होते. मी तिला आत बोलावलं. म्हटलं, बाळाला घेऊनच ये, बैस. अभिजीत म्हणाला, "बाबा, उशीर करू नका आता." मी म्हणालो, अर्धा तास दे मला. तीस वर्षांत काही मागितलं नाही तुला. मी मागच्या खोलीत गेलो आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलो. म्हटलं, तुम्ही मधल्या खोलीत उभे राहा आणि काय होते ते फक्त पाहा, मला काही सांगू नका. भिंतीवर ओल आली होती. मी ती ओल पाहत बसलो. काहीच नव्हतं. पंख्याचीसुद्धा फक्त हवा लागत होती. किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही, मला एकच धाक, की आज नेमका तो फोन बंद पडला तर? गौतमच्या हातात दोरी आहे, आणि माझ्याजवळ दुसरं काही नाही. शेवटी राहवेना. मी वळलो.

उंबऱ्याशी बोंड्या उभा होता, चारही पाय रोवून, जीव तोडून माझ्याकडे बघून भुंकत. त्याच्यामागे अभिजीत. त्यानं तोंडावर हात धरला होता. कपाटाकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग कपाटाकडे. आईच्या फोनचा आवाज त्याला ओळखू येणारच. प्राजक्ता बाळाचे कान झाकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ये," मी बोंड्याला म्हणालो. तो उंबऱ्यापाशीच थबकला. पाच वर्षांचा फटका. "ये ना बाप्पा, ये आत. काही नाही करत मी." त्यानं एक पाय आत टाकला, माझ्याकडे पाहिलं, मग दुसरा. मी त्याच्या कुशीवर हात ठेवला आणि म्हणालो, "समजलं." उठलो, मधल्या खोलीत गेलो, फोनवर बोट फिरवलं, तो थांबला. डबीतून गोळी काढली. अभिजीतनं पाणी आणून दिलं. बोंड्या केव्हाच गप्प होऊन माझ्या पायाशी बसला होता. त्याचं काम झालं होतं. अभिजीत माझ्यासमोर आला, अगदी समोर, त्याची आई यायची तसा, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "बाबा, तुम्हाले हे ऐकू येऊन नाही राहिलं?" मी म्हणालो, "नाही. लय दिवसांपासून नाही." गौतम दोरीचं वेटोळं करून खिशात कोंबून राहिला होता. "मंग सांगितलं काहून नाही कोणाले?" अभिजीतचा आवाज चढला असावा, कारण बाळानं डोळे उघडले. "मलेच कोणी सांगितलं नाही रे," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझी मलाच लाज वाटली, कारण सांगणारा माझ्या पायावर हनुवटी टेकून बसला होता, आणि रोज पाच पाच वेळा सांगत होता.